मॉरिशसचा वारा आणि आपल्या बीडचा पाऊस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावे असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण दोष माझाच होता, म्हणून ते फेडणे भाग आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्या जमलो होतो. तिळगूळ वाटता वाटता कुणीतरी म्हणाले, "पाऊस काही आता पूर्वीसारखा राहिला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सर्वांत मोठ्याने होकार मी दिला. "निम्म्यावर आलाय निम्म्यावर!" असे मी ठासून सांगितले. तेव्हा अध्यक्षीणबाईंनी विचारले, "पूर्वीसारखा म्हणजे कसा? निम्मा हे तुम्ही कशावरून म्हणता? कुणी मोजलाय?" मला उत्तर देता आले नाही. त्या हसून म्हणाल्या, "मग तुम्हीच शोधा आणि वर्धापनदिनाला सांगा."

ते शोधताना मला जे कळले ते आज तुमच्यापुढे मांडते. चुकले तर आपलीच समजून सांभाळून घ्यावे.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा सासूबाईंना विचारले. त्या तर एकदम उसळल्याच. म्हणाल्या, "पूर्वी पाऊस लई होता म्हणतीस? मग बहात्तरात आम्ही खडी कशाला फोडली?" १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी त्यांच्या तोंडून मी अनेकदा ऐकल्या होत्या. रस्त्याच्या कामावर बायका उन्हात बसून दगड फोडीत, पाझर तलावाची माती वाहत, आणि लहान मुलांना सुकडी मिळे ती फडक्यात बांधून घरी आणीत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. हे सर्व मला ठाऊक होते, तरी पूर्वी पाऊस भरपूर होता असेच मी मनात धरून बसले होते. माणसाच्या आठवणीचे हे असेच असते. माहेरच्या नदीला आलेला पूर आठवतो, कोरडे गेलेले वर्ष सासूबाईंना आठवते, आणि जी ती आपल्या आठवणीला सरासरी समजते.

त्याच सुमारास माझी मुलगी परीक्षेचा भूगोल पाठ करीत होती. मी भाकरी थापीत असते आणि ती समोर बसून मोठ्याने वाचते, अशी आमची पद्धत आहे. त्यात मॉरिशस बेटाचा धडा आला. मी ऐकता ऐकता थांबले. तव्यावरची भाकरी करपली, पण आपल्या पावसाचे एक टोक मला तिथे सापडले.

हे बेट हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या बाजूला आहे. विषुववृत्तापासून आपले बीड उत्तरेला साधारण एकोणीस अंशांवर, आणि मॉरिशस दक्षिणेला साधारण वीस अंशांवर. म्हणजे मधल्या रेषेच्या दोन बाजूंना आपण जवळजवळ सारख्याच अंतरावर बसलो आहोत. फरक एवढा की आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. बेट किती मोठे? अवघे १,८६५ चौरस किलोमीटर. आपल्या बीड जिल्ह्यात तशी पाच बेटे मावतील आणि वर जागा उरेल.

आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्या बेटावर मराठी माणसे आहेत. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांत काम करायला हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, त्यांत मुंबई बंदरातून कोकणातली पुष्कळ कुटुंबे गेली. ती तिथेच राहिली. आज तिथे शाळांतून मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. उसासाठी घर सोडून जाणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या बायकांना वेगळे सांगायला नको.

आता पावसाकडे वळते. मॉरिशसच्या मध्यभागी उंच पठार आहे. आग्नेयेकडून समुद्रावरचे वारे येतात, पठारावर चढतात, गार होतात आणि तिथे पाऊस पाडतात. त्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो. पठार ओलांडून तेच वारे पश्चिम किनाऱ्याला उतरतात तेव्हा त्यांच्याजवळ फारसे काही उरलेले नसते, आणि तिथे पाऊस हजाराच्याही आत राहतो. दोन्ही ठिकाणांत अंतर म्हणाल तर आपल्याकडे एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जावे एवढेच.

मैत्रिणींनो, हीच आपली कथा आहे. आपल्याकडे सह्याद्री आडवा उभा आहे. नैर्ऋत्येचे वारे त्याच्या माथ्यावर ओंजळ रिती करतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि तेच ढग बालाघाटावर येईपर्यंत आपल्या वाट्याला वर्षाचे साडेसहाशे-सातशे मिलिमीटर उरतात. आष्टी-पाटोद्याकडे त्याहूनही कमी. पंगतीत उशिरा बसलेल्याच्या ताटात जे पडते, तेच आपल्या वाट्याला येते. त्यात कुणाचे पाप नाही आणि कुणाचा शापही नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. जून ते सप्टेंबर या काळात मॉरिशसच्या आसपासच्या समुद्रावर हवेचा दाब वाढलेला असतो. तिथून वारे निघतात, वायव्येला सरकत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरची वाफ घेऊन आपल्याकडे येतात. आपण ज्याला मृगाचा पाऊस म्हणतो, त्याचा वारा त्या बेटाच्या बाजूच्या समुद्रावरून निघालेला असतो! त्या बेटाचा आणि आपला समुद्र एक आणि वाराही एक. म्हणून तिथल्या नोंदी काय सांगतात ते पाहावे असे मला वाटले.

नोंदी त्यांच्याकडे चांगल्या जुन्या आहेत. चार्ल्स मेल्ड्रम नावाचे एक गृहस्थ १८४६ मध्ये आपल्या मुंबईच्या शिक्षण खात्यात नोकरीला आले आणि दोन वर्षांनी मॉरिशसला गणिताचे अध्यापक म्हणून गेले. बेटाला वादळांचा जाच फार. मेल्ड्रमसाहेबांनी १८५१ मध्ये तिथे हवामानाची एक मंडळी स्थापन केली आणि जहाजांच्या वह्यांतून वारा-पावसाच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. पुढे तिथे वेधशाळा झाली. म्हणजे तिचे मूळही एका मंडळातच होते, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ चे. त्याची मुख्य कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आली, म्हणून पुण्यातल्या त्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात.

तर मॉरिशसच्या हवामान खात्याने १९०५ ते २००७ अशा शंभराहून अधिक वर्षांचा पाऊस मांडून पाहिला. त्यात वर्षाचा पाऊस हळूहळू उतरत गेलेला दिसतो. १९५० च्या दशकाशी ताडून पाहिले तर त्यातल्या शेवटच्या दहा वर्षांत सुमारे आठ टक्के घट झाली. पावसाचे दिवस कमी झाले, पण एकदम कोसळणारा पाऊस वाढला. पूर्वी नोव्हेंबरात येणारा त्यांचा पावसाळा डिसेंबरच्या अखेरीकडे सरकला. आणि ऊन? दर दहा वर्षांना सुमारे ०.१५ अंश या गतीने बेट तापत आहे. हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण त्या बेटावर उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७ आणि हिवाळ्याचे २०.४ अंश असते. दोन्ही ऋतूंत मिळून फरकच जिथे चार अंशांचा, तिथे एक अंश वाढणे म्हणजे ऋतूचा चौथा हिस्सा सरकणे आहे.

२०१३ च्या ३० मार्चला त्यांच्या राजधानीत, पोर्ट लुईला, दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अकरा माणसे बुडून गेली. त्याच मार्च महिन्यात इकडे आपण काय करीत होतो, आठवते का? टँकरच्या मागे घागरी घेऊन धावत होतो आणि जनावरे छावणीत बांधली होती.

आता आपल्या घरचा हिशेब. मुलीने तहसीलच्या पावसाच्या आकड्यांचा तक्ता उतरवून आणला आणि आम्ही दोघी तो घेऊन बसलो. मी निम्मा पाऊस शोधीत होते, तो मला सापडला नाही. मराठवाड्याचा पाऊस एका दिशेने सरळ घटत गेला असे शंभर वर्षांच्या बेरजेत स्पष्ट दिसत नाही. दिसते ती उलथापालथ. एका वर्षी भरभरून, तर दुसऱ्या वर्षी रिते. २०१५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्के तूट होती. मांजरा धरण आपल्याच जिल्ह्यात, धनेगावला. ते कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात असा पाऊस झाला की तेच धरण भरले! २०२३ चा ऑगस्ट सबंध देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला. आणि २०२५ च्या सप्टेंबरात काय झाले ते मी सांगायला नको. सोयाबीन पाण्यात कुजले आणि कित्येकांची माती खरडून नदीला गेली. म्हणजे "निम्म्यावर आलाय" हे माझे म्हणणे चुकीचे होते, ते मी आज सर्वांसमक्ष मागे घेते. बेरजेपेक्षा पावसाची चाल बिघडली आहे, असे म्हणायला हवे होते.

ही चाल का बिघडली? देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि २०२४ हे वर्ष १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचे सर्वांत उष्ण ठरले. आपला हिंदी महासागर तर १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एक अंशाने तापला. कोळसा आणि तेल जाळून जो धूर आणि वायू आपण सगळे जग मिळून सोडतो, त्याने पृथ्वीवर जणू एक गोधडी पांघरली गेली आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. घागर मोठी झाली की भरायला वेळ लागतो, आणि कलंडली की घरभर पाणी होते. तसेच हे आहे. दोन पावसांतला खंड लांबतो, आणि येतो तेव्हा सगळा एकदम येतो. मध्य भारतात मोठ्या मुलुखावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीने वाढली, असे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

शिवाय दूर पॅसिफिक महासागराचे पाणी काही वर्षांनी तापते, त्याला एल निनो म्हणतात. १९७२ ला तो होता, २०१५ ला होता, २०२३ लाही होता. दर वेळी तो दुष्काळ आणतोच असे नाही. १९९७ ला तो मोठा असूनही देशाचा पाऊस ठीक झाला होता. पण तो आला की आपण हात आखडता घ्यावा एवढे खरे.

इथे मला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला संकोच वाटतो, पण तिच्यावाचून माझे बोलणे पुरे होणार नाही.

२०१६ चा पाऊस पाहून आमच्या घरी सर्वांना हुरूप आला. विहीर काठोकाठ भरली. "आता दिवस फिरले" असे यांनी म्हटले आणि मीही म्हटले. आम्ही ज्वारीच्या रानात ऊस लावला. सासूबाई एकट्या नको म्हणत होत्या. त्यांचे कुणी ऐकले नाही. पुढे २०१८ ला पावसाने ओढ दिली, सरकारने दुष्काळ जाहीर केला, आणि उभा ऊस डोळ्यांदेखत वाळू लागला. तो वाचवायला माझी बोरमाळ मोडून आम्ही बोअर घेतला. त्यातून फुफाटा निघाला. दुसरा घेतला, तो दोन महिने चालला. कर्ज झाले. शेवटी मुकादमाकडून उचल घेऊन आम्ही दोघे एक हंगाम कोयता घेऊन सह्याद्रीच्या पायथ्याकडे गेलो. मुलगी सासूबाईंजवळ राहिली. तिची त्या वर्षीची शाळा निम्मी बुडाली. पहाटेच्या थंडीत पाण्याने भरलेल्या पाटांच्या कडेला दुसऱ्याचा ऊस तोडताना मला एकच वाटे, इकडे पाण्याला तोटा नाही आणि आपण काय पाप केले? आज मला कळते की पाप काही नव्हते, हिशेब चुकला होता. एका वर्षाच्या पावसावर आम्ही बारमाही पीक लावले. ती आमच्या शेताची सरासरी नव्हती.

हवामानवाले एका वर्षाला भुलत नाहीत. ते तीस-तीस वर्षांची सरासरी काढतात आणि मग चाल कुणीकडे आहे ते ठरवतात. लेकराला एक दिवस ताप आला म्हणून ते रोगी ठरत नाही, आणि एक दिवस खेळले म्हणून बरेही झाले असे नाही. आई रोज कपाळाला हात लावून पाहते, तेव्हा तिला खरे कळते.

मॉरिशसच्या लोकांनीही चुका केल्या. उसासाठी बेटावरचे मूळचे रान तोडले, ते आता फारच थोडे उरले आहे. पण १७६९ मध्येच, फ्रेंचांच्या अमलात, प्वाव्र नावाच्या अधिकाऱ्याने तिथे नियम केला होता की प्रत्येकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा झाडांखाली ठेवावा. झाडे गेली की पाऊस जातो असे त्याचे मत होते. पाऊस किती जातो ते शास्त्रज्ञ जाणोत, पण झाडे गेली की पडलेला पाऊस थांबत नाही आणि माती घेऊन जातो, हे २०२५ नंतर आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता आपण काय करावे? समुद्र थंड करणे आपल्या हाती नाही. पण तीन गोष्टी आपल्या हाती आहेत, आणि त्या मी मंडळापुढे ठेवते.

पहिली गोष्ट, मंडळाने एक पर्जन्यमापक घ्यावा. फार मोठा खर्च नाही. अंगणात मोकळ्या जागी, झाड-भिंतीपासून दूर तो बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून वहीत लिहावे. अडीच मिलिमीटर किंवा जास्त भरला तरच तो पावसाचा दिवस धरतात. नक्षत्रही लिहावे, म्हणजे जुन्या बायकांना हिशेब लागेल. आठवड्याला एकीची पाळी लावावी. पहिली पाळी माझी.

दुसरी गोष्ट पत्र्यावरच्या पाण्याची. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद पत्र्यावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर एकोणचाळीस हजार लिटर होते. थोडे वाया गेले तरी दोन-तीन टँकर पाणी आपल्याच छपरावरून दरवर्षी गटारात जाते म्हणायचे! निदान ते विहिरीजवळच्या खड्ड्यात तरी मुरवावे.

तिसरी गोष्ट पिकाची. घरात ऊस लावायचे बोलणे निघाले की प्रत्येकीने वहीतली मागची पाच वर्षे समोर ठेवावीत आणि मगच हो म्हणावे. शेत पुरुषांच्या नावावर असले तरी बोरमाळ आपली मोडते, आणि कोयत्याला आपल्यालाही जावे लागते. तेव्हा बोलण्याचा हक्क आपला आहे.

कुणी म्हणेल, एका वहीने काय होणार? खरेच आहे, पाच-दहा वर्षांत त्या वहीतून फारसे काही निघणार नाही. तीस वर्षे भरली की तिला अर्थ येईल. तेव्हा मी सत्तरीच्या पुढे असेन, असले तर. पण माझी नात हळदीकुंकवाला बसली असेल, आणि कुणी म्हणाले, "पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही," तर ती माझ्यासारखी नुसती मान डोलावणार नाही. ती उठून कपाटातून वही काढील.

यंदा रोहिणी निघण्याच्या आत पर्जन्यमापक बसावा अशी माझी विनंती आहे. शोध घ्यायला लावल्याबद्दल अध्यक्षीणबाईंचे, आकडे वाचून दाखवल्याबद्दल मुलीचे, आणि खरे बोलल्याबद्दल सासूबाईंचे मी आभार मानते. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. आता तरी त्यांचे ऐकावे, एवढे सांगून मी माझे दोन शब्द संपवते.